एका नंबरचे दोन रिमोट

मंदाबाईच्या दोन्ही पोरांना समोरचा एकेक दात नव्हता. थोरल्या धर्मेंद्रने धाकट्या निकेशचा दात ज्वारी तोलायच्या वजनाने पाडला, आणि धर्मेंद्रचा खुद्द मंदाबाईने, दुकानातल्या कापड मोजायच्या लोखंडी गजाने. एकाचाच दात गेला असता तर दुसऱ्याने जन्मभर डूख धरला असता, असा तिचा हिशेब होता. सिंदी रेल्वे या गावात त्यांचं कापडाचं दुकान. पोरांचे शर्ट एकाच ताग्यातून फाडायचे, लाडू तोलून द्यायचे आणि मारही तोलूनच. भैय्याजी, तिचा नवरा, गल्ल्यावर बसून गिऱ्हाइकांना सांगायचे, "मी बाई नाई केली, तराजू केला." बोलायला त्यांचं काय जात होतं! रक्त पुसायला तीच होती.

एवढं करूनही पोरं सुधारली नाहीत. मिशा आल्या तशी हत्यारं आली. गेल्या पोळ्याला निकेशने भावाच्या मानेवर विळा धरला, तेव्हा मंदाबाईने पातंच मुठीत पकडलं. तळहातावरची खूण अजून बुजली नव्हती. एक दिवस यातला एक दुसऱ्याचा जीव घेणार, आणि त्याआधी मला ने, एवढंच ती देवाजवळ मागायची.

अशा घरात विमान शिरलं. वर्ध्याच्या मैदानावर कोणीतरी रिमोटचं छोटं विमान उडवलं, ते दोघांनी पाहिलं आणि दोघंही येडे झाले. थर्माकोल आला, बांबूच्या काड्या आल्या, मोटरी आल्या. विमानं अर्थात दोन. पण गंमत अशी की पंख चिकटवायला एका माणसाचे हात पुरत नाहीत. मग एकाने धरायचं, दुसऱ्याने डिंक लावायचा. मंदाबाई मागच्या खोलीच्या दाराशी कान लावून उभी राहायची. "धरून ठेव बे." "धरलं ना दादा." एवढं ऐकून तिच्या डोळ्यांना धार लागायची. तो सबंध पावसाळा घरात कोणाचं रक्त सांडलं नाही.

राहिले फक्त रिमोट. नागपूरला सीताबर्डीवर त्याचं एक दुकान होतं, आणि मंदाबाईशिवाय या दोघांची खरेदी व्हायची नाही. दुकानदार रूपराव म्हातारा, पण माल दाखवायची हौस दांडगी. "दोन चॅनेलचा घेऊ नका, ते मोटारगाडीचं खेळणं आहे," त्याने सांगितलं. "नवशिक्याले चार चॅनेलचा बरा. नाक वर-खाली, शेपूट, पंख, मोटर, सारं त्यात येते. हातात धरून पहा आधी. अंगठे सहज पोचले पाहिजे." मंदाबाईनेही एक धरून पाहिला. वरची एरियल ओढली तर ती दुकानातल्या गजाएवढी लांब निघाली.

रूपरावने दोघांपुढे एकेक डबा सरकवला. निकेशच्या डब्यावर सतरा नंबर, धर्मेंद्रच्या एकोणीस.

"मले सतरा अन् त्याले एकोणीस काऊन?" निकेश म्हणाला.

"मी थोरला हाय म्हणून," धर्मेंद्र म्हणाला, आणि हसला.

पुढचं व्हायला वेळ लागला नाही. निकेशचं डोकं भावाच्या नाकावर बसलं, धर्मेंद्रने त्याची मान धरून काउंटरवर आपटली आणि काच तडकली. मंदाबाईने दोघांच्या थोबाडीत दिली, एकेक.

"सारख्या नंबरचे द्या," ती रूपरावला म्हणाली.

"बाई, नंबर म्हणजे मान नाही. ती रेडिओची लहर आहे. एका नंबरचे दोन रिमोट एकाच वेळी सुरू झाले तर विमान कोणाचंच ऐकत नाही. धोंड्यासारखं खाली येते."

"एका वेळी एकच सुरू राहीन. पाळी मी लावतो."

बाई ऐकत नाही म्हटल्यावर त्याने सतराचे दोन दिले, वर एक लाल फीत दिली. ज्याच्या एरियलला फीत, त्यानेच बटन दाबायचं. मंदाबाईला हे फार पटलं. अखेर देवाने तिला तराजूचा काटाच हातात दिला होता.

दिवाळीनंतर एका सकाळी तिघं कापसाच्या जिनिंगमागच्या पडीक रानात गेले. पहिली पाळी निकेशची. त्याचं विमान दारुड्यासारखं झोकांड्या खात गेलं आणि तुरीत घुसलं. पंख थोडा मोडला. पुन्हा उडवलं, पुन्हा पडलं. मंदाबाईने फीत सोडली आणि धर्मेंद्रच्या एरियलला बांधली.

धर्मेंद्रचं मात्र उडालं. तुरीवरून गेलं, रेल्वेच्या तारांवरून वळलं, उन्हात चमकलं. मंदाबाईने तोंडाला पदर लावला. आपल्या मारकुट्या पोराच्या अंगठ्यांतून हे निघालं, याचंच तिला नवल वाटत होतं. एवढं सुख तिला लग्नातही झालं नव्हतं.

"माय, त्याची पाळी सरली," निकेश म्हणाला.

"थांब नं बापू. पाहू दे जरा."

उभ्या जन्मात तिने एका पोरासाठी दुसऱ्याला थांब म्हटलं नव्हतं. निकेश विमानाकडे पाहत नव्हता, तिच्याकडे पाहत होता. तिच्या तोंडावरचा आनंद त्याने पाहिला आणि आपल्या रिमोटचं बटन दाबलं.

विमान वरच शहारलं, नाक खाली करून आलं आणि विहिरीच्या काठावर फुटलं. धर्मेंद्र आधी आपल्या अंगठ्यांकडे पाहत राहिला. मग त्याला भावाच्या हातातल्या रिमोटचा पेटलेला लाल दिवा दिसला.

"पाळी माही होती!" निकेश ओरडला.

धर्मेंद्रने रिमोट मुठीसारखा धरला आणि एरियलचा फटका ओढला. कान फाटला. निकेशने आपला रिमोट त्याच्या गुडघ्यावर हाणला, वर छातीत लाथ घातली. मंदाबाई मध्ये शिरायला धावली आणि ढेकळात अडखळून पडली. ती उठेपर्यंत एरियल पुन्हा फिरली होती. निकेश दोन्ही हातांनी तोंड झाकून खाली बसला, आणि बोटांच्या फटींतून जे गळत होतं ते नुसतं रक्त नव्हतं. एरियलच्या टोकाला लाल फीत अजून तशीच होती.

वर्ध्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी डावा डोळा काढून टाकला. शुद्धीवर आल्यावर निकेश रडला नाही, भावाला शिवीही दिली नाही. त्याने मंदाबाईचा तो खूण असलेला हात धरला.

"माय, आजवर तू सारं बरोबर देल्लं."

"हो बापू."

"मंग हेही बरोबर कर."

मंदाबाई बसने सिंदीला परत आली. भैय्याजी दवाखान्यातच थांबले होते. दुकान बंद, आत धर्मेंद्र एकटा खालच्या गादीवर बसलेला. गल्ल्यावर दोन्ही रिमोट ठेवलेले, आणि शेजारी गज. तो त्यानेच काढून ठेवला होता. त्याला घरचा कायदा ठाऊक होता. मंदाबाई आत येताच त्याने तोंड वर केलं आणि डोळे मिटले. पडलेल्या दाताची फट दिसत होती.

मंदाबाईने गज उचलला. हात खांद्याच्या वर गेला आणि तिथेच राहिला. मग तिने तो जीव खाऊन गल्ल्यावर हाणला. एक रिमोट फुटला. तुकडे तिच्या गालाला लागले तरी ती मारत राहिली. त्याचा चुरा झाला तशी ती दुसऱ्याकडे वळली आणि त्याचाही तेवढाच चुरा केला. मग गज टाकून दिला.

"डोये उघड," ती म्हणाली.

धर्मेंद्रने एकच उघडला, उजवा.