फोटो न बघणारं गिऱ्हाईक

मित्रांनो, मुलुंडच्या एका स्वयंपाकघरात ओट्याशेजारच्या टेबलावर एक लॅपटॉप असतो. त्यात रत्नप्रभाकाकूंचं मसाल्यांचं ऑनलाइन दुकान आहे, आणि त्या दुकानाच्या दारात बसलेला मी एक जुना काउंटर आहे. कोण आलं, काय बघितलं, किती वेळ थांबलं, ते मोजायचं, एवढंच माझं काम. मला हात नाहीत, पाय नाहीत, पण चोख मोजणीचा तोरा मात्र आहे.

मला इथे बसवलं काकूंच्या सुनेने, श्रुतिकाने. काकू मूळच्या मालवणच्या. नुसता मसाला विकून काय उपयोग, तो वापरायचा कसा हे सांगायला नको का, असं म्हणून त्या प्रत्येक मसाल्याखाली मनापासून लिहायच्या. तिरफळं कालवणात कधी टाकायची, सासूबाईंनी कशावरून दटावलं होतं, सगळं. रोज सकाळी चहा घेता घेता मला विचारायच्या, "किती माणसा इली रे?" मी आकडा दाखवला की त्यांचा चेहरा खुलायचा. काय सांगू, तेव्हा मला भारीच वाटायचं.

पुढे आकडा भराभर चढला. काकूंनी हौसेने ढीगभर मसाला कुटून आणला. मागणी काही येईना, आणि मसाल्याचा वास डब्यातच उडू लागला. श्रुतिकाने खोदून पाहिलं तर काय, आलेल्यांत बरीचशी माणसं नव्हतीच. ते बॉट होते, म्हणजे माणसाचं सोंग घेऊन पानं चाळत हिंडणारे प्रोग्रॅम. मी बापडा सगळ्यांना माणूस समजून मोजत होतो.

"आई, हे बॉट फोटो उघडतच नाहीत, नुसता मजकूर उचलतात," श्रुतिका म्हणाली. मग तिने मला नियमच घालून दिला, की जो फोटो बघत नाही त्याला मोजायचं नाही. मी तो इमानेइतबारे पाळला. आकडा धाडकन खाली आला. काकूंच्या लिखाणापाशी रेंगाळणारं तर कोणी उरलंच नाही.

"म्हणजे माजा लिवलेला कोण वाचीतच नाय," काकू म्हणाल्या. "मगे कित्याक लिवू?"

त्यांनी लिहिणं सोडलं. सकाळी मला विचारणंही सोडलं. ते मला फार लागलं.

एके दुपारी मालाडहून फोन आला, तो काकूंनी स्पीकरवर घेतला. शरच्चंद्र नावाचे निवृत्त गृहस्थ होते. "ताई, लिहायचं का थांबवलंत? मसाला माझी भाची मागवते, पण तुमचं लिखाण मी रोज ऐकतो हो. मला दिसत नाही ना, फोन वाचून दाखवतो. फोटो मी बंदच ठेवलेत, त्यांचा मला काय उपयोग?"

श्रुतिका कपाळाला हात लावून बसली. मी मोजणीतून वगळलेल्यांत तिने शोधलं, तर हे गृहस्थ सापडले. बॉट क्षणात पान उलटून पसार व्हायचे. हे शेवटच्या ओळीपर्यंत थांबायचे. तो फरक माझ्याजवळ नोंदलेला होता, फक्त कोणी बघितला नव्हता. तिने लगेच माझा नियम बदलला.

"एक तक्रार आहे," शरच्चंद्र म्हणाले. "वाटणाचं खोबरं तांबूस होईपर्यंत भाजा, असं लिहिलंय तुम्ही. मला ते कसं कळायचं?"

फोन ठेवल्यावर काकूंनी कढई चढवली, खोबरं टाकलं आणि डोळे मिटून परतत उभ्या राहिल्या.

मित्रांनो, बॉट खुशाल गाळा, त्यांचं मला काही सोयरसुतक नाही. पण गाळून टाकलेल्यांत एखादं माणूस तर गेलं नाही ना, हे एकदा बघत जा. आम्ही यंत्रं सांगाल तसंच मोजतो. माणूस ओळखायचं काम तुमचं आहे.

त्या दुपारी काकू कढईकडे कान लावून खोबरं परतत राहिल्या. मग डोळे न उघडताच सुनेला म्हणाल्या, "लिव गो. खोबऱ्याचो आवाज सुको येवक लागलो, की गॅस बंद करूचो."