न बांधलेलं फडकं

इंजिन बंद पडल्यावर पेट्रोलचा पंप चालूच राहिला तर काय होतं, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. चाळीस वर्षं याच कामात हात काळे केलेत. ठाऊक होतं आणि तरी केलं.

गाडी माझ्या धाकट्या भावाची. जुना पेट्रोल ट्रक, त्यात कुंड्या आणि रोपं भरून तो गावभर पोचवतो. इंजिनात पेट्रोल सोडायचं काम इंजेक्शनचं, आणि त्या इंजेक्शनला हुकूम देणारा एक कॉम्प्युटर, जेवणाच्या डब्याएवढा. त्या डब्याला म्हातारचळ लागला. भर रस्त्यात इंजिन बंद पडायचं, मागचे भोंगे वाजवायचे आणि आमचे बंधुराज आत बसून डब्याला लाडीगोडी लावायचे. नवा डबा कुठेच मिळेना. खरं सांगतो, मला आनंद झाला. जी वस्तू उघडून बघता येत नाही तिच्यावर माझा जुना राग आहे. बिघडली तर शिव्या तरी कुठल्या भागाला घालायच्या?

"काढून टाकू ते लचांड," मी म्हणालो. "कार्बोरेटर बसवतो. त्याच्याशी निदान स्क्रू-ड्रायव्हरने बोलता येतं."

काम आठ दिवस चाललं. इंजेक्शन उतरवलं, कार्बोरेटर बसवला. ठिणगीची वेळही तो डबाच ठरवायचा, म्हणून डिस्ट्रिब्युटर बदलला. इंजेक्शनचा पंप पेट्रोल फार जोरात ढकलतो, कार्बोरेटरला तो जोर सोसत नाही, म्हणून हलक्या दाबाचा पंप आणला. वायरिंग माझ्या मुलीने केलं. सहा वर्षं ती माझ्याबरोबर गॅरेजमध्ये आहे, आणि तिच्या वायरिंगवर बोट ठेवायला जागा नसते. हे मी तिला कधी सांगितलं नाही, ते वेगळं.

पंपाचा मुद्दा तिनेच काढला.

"बाबा, इंजिन बंद पडलं की पंप थांबवायचं काम तो कॉम्प्युटर करत होता. आता कोण करणार?"

ते माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. तिने ऑइलच्या दाबावर चालणारा एक स्विच लावला. इंजिन फिरतंय तोवर ऑइलला दाब, आणि दाब आहे तोवरच पंप चालू. इंजिन थांबलं की चावी चालू असली तरी पंप बंद. "सकाळी ऑइलला दाब येईपर्यंत सेल्फ जरा जास्त मारावा लागेल, एवढंच," ती म्हणाली.

आमच्या गॅरेजचा एक नियम आहे. माझाच. कुणीही तात्पुरती जोडाजोड केली की त्याने स्टिअरिंगला लाल फडकं बांधायचं. फडकं असलेली गाडी फाटकाबाहेर जात नाही. जो बांधतो त्याने काम पक्कं करायचं आणि मगच सोडायचं. मुलगी कुठल्याही गाडीत चढण्याआधी स्टिअरिंगकडे बघते, इतकी तिला सवय.

गाडी न्यायच्या दिवशी भाऊ सकाळीच आला. रोपं आदल्या दिवशीच आमच्या अंगणात गाडीत भरून ठेवली होती. चढावर इंजिन कसं वाजतं ते ऐकायला मुलगीही बरोबर जाणार होती, ती मागच्या खोलीत तयार होत होती. भावाने सेल्फ मारला. इंजिन नुसतं कण्हलं. परत मारला, परत तेच. शेजारचा टायरवाला हातातलं काम सोडून बघायला आला.

"दादा," भाऊ हसत म्हणाला, "तुझ्या कार्बोरेटरपेक्षा माझा वेडा डबा बरा होता रे. सुरू तरी व्हायचा."

टायरवालाही हसला. माझ्या डोक्यात तिडीक गेली. तिसऱ्यांदा सेल्फ मारला असता तर इंजिन लागलं असतं, ते मला आजही दिसतं. पण मी बॉनेट उघडलं, मुलीच्या स्विचवरच्या दोन्ही वायरी काढल्या, एकमेकींना पिळल्या आणि वर टेप गुंडाळली. पंप आता थेट चावीवर. अर्ध्या सेल्फमध्ये इंजिन लागलं. भाऊ हसायचा थांबला.

फडकं खिळ्यावर होतं, हातभर अंतरावर. ते बांधलं असतं तर गाडी जागची हलली नसती, आणि सगळ्यांसमोर कबूल करावं लागलं असतं की काम अर्धवट आहे. संध्याकाळी परत आली की नीट करू, असं मनाशी म्हणालो. मुलगी आली, दार उघडून तिने स्टिअरिंगकडे बघितलं आणि चढून बसली.

पुढचं भावाने सांगितलेलं. चढावर इंजिन बंद पडलं. कार्बोरेटरमध्ये कचरा अडकला असावा. पेट्रोलचा वास आला. तो चावी काढणार तेवढ्यात मुलगी म्हणाली, "काका, चावी राहू दे. ठिणगीच्या वायरला करंट येतोय का बघते. इंजिन बंद आहे, म्हणजे पंपही बंदच आहे." तिने बॉनेट उघडलं. पंप चालूच होता. कार्बोरेटर भरून पेट्रोल वाहत होतं, खाली तापलेल्या एक्झॉस्टवर. भाऊ खाली उतरेपर्यंत भडका उडाला होता. त्याने तिला मागे ओढलं आणि मागच्या कुंड्या उपसून त्यांतली माती इंजिनावर ओतत राहिला. त्याच्या भुवया गेल्या. तिचे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले.

बोटं हलतील, डॉक्टर म्हणाले, पण बरेच महिने जातील. हात पट्ट्यांत गुंडाळलेले, त्यामुळे पाणी आम्हीच पाजायचो. दिवसा मी आणि रात्री तिची आई. भावाने मला वॉर्डबाहेर नेऊन सांगितलं, "दादा, पुढच्या सगळ्या वायरी जळून गेल्यात. काय झालं ते आता देवालाच ठाऊक." देवाला आणि मला. दोन दिवस मी मूग गिळून बसलो. कुणी विचारत नव्हतं, हे मला सोयीचं वाटत होतं. स्वतःची इतकी शिसारी मला कधी आली नव्हती.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी तिला पाणी पाजत होतो. दोन घोट पिऊन ती म्हणाली, "स्विच अडकला असणार. मी तो दहा वेळा तपासायला हवा होता. काका मेला असता माझ्यामुळे."

"असं काही नाही."

"असंच आहे. हात बरे झाले तरी मी आता वायरिंग करणार नाही, बाबा. माझा माझ्यावर भरवसा राहिला नाही."

मी पेला खाली ठेवला.

"तुझा स्विच अडकला नव्हता," मी म्हणालो. "तो जोडलेलाच नव्हता. तू आत होतीस तेव्हा मी वायरी काढून थेट जोडल्या. तुझ्या कामात काही चूक नव्हती."

मला वाटलं ती रडेल, ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"मग फडकं का नाही बांधलंत?"

कारणं मी दोन दिवसांत खूप शोधून ठेवली होती. घाई होती, गाडी भरलेली होती, संध्याकाळी करणारच होतो.

"काका हसत होता म्हणून," मी म्हणालो.

तिने मान भिंतीकडे वळवली. पेल्यात पाणी अजून अर्धं होतं. मी तो उचलून परत तिच्या ओठांजवळ नेला.

"तिथेच ठेवा," ती म्हणाली. "आई आली की पिईन."