झाकलेली बशी

"हात थांबवू नकोस! थांबलीस की तळाला लागलंच म्हणून समज!" इस्का आत्या ओरडली आणि मी वल्ह्याएवढा लाकडी कालथा दोन्ही हातांनी गरगर फिरवला.

यंदा पहिल्यांदाच तिनं तो माझ्या हाती दिला होता. तिचा खांदा आता वर जात नाही. मी तर अशी फुगले होते, की वक्तृत्व स्पर्धेत पहिली आले तेव्हाही एवढी फुगले नव्हते! पण बिको ढवळणं म्हणजे चिखलात बसलेली म्हैस ओढणं. नारळाचं दूध आणि गूळ आटून दाट झालेले, त्यात चिकट तांदळाचा भात. कालथा रुतला की निघतच नाही.

"शाळेत नुसती पोपटपंची शिकवतात वाटतं. मनगटं कुठायत?"

"स्पर्धेत मनगट लागत नाही, आत्या. जीभ लागते."

"ती आहे हो तुझी. या कालथ्याहून लांब!"

केळीची पानं विस्तवावर शेकता शेकता आईही हसली.

आज गेलेल्यांचा दिवस. त्यांच्या बश्या मांडल्याशिवाय कुणी बोटसुद्धा चाटायचं नाही. संतांच्या तसबिरींपुढे मेणबत्त्या लावायच्या आणि तीन बश्या ठेवायच्या: आजोबांची, आजीची आणि पाळण्यातच गेलेल्या आत्याच्या बाळाची. त्या उघड्या; माशी बसली तरी हाकलायची नाही, गेलेल्यांपैकी कोण जेवायला आलंय कुणास ठाऊक. मग आम्ही जेवायचं. आणि मग आत्या कढईच्या तळाची खरपूस खरवड काढून देन्सियोकाकांची, म्हणजे तिच्या नवऱ्याची, बशी भरते, तिच्यावर पत्र्याचं झाकण घालते आणि चुलीवरच्या फळीवर ठेवते. मेलेल्यांचं उघडं ठेवतात, घरी यायच्या माणसाचं झाकून.

काका समुद्रावर गेले तेव्हा मी पहिलीत होते. होडी सापडली, ते नाही. "माणूस सापडला नाही, म्हणजे माणूस कुठंतरी आहे," असं आत्या म्हणते. दर वर्षी आठवड्याभरानं बुरशी आलेली खरवड ती डुकराला घालते आणि बशी घासून ठेवते.

"आत्या, काका आत्ता दारात आले, तर मला ओळखतील?"

"मलाच ओळखायचे नाहीत. सगळे केस पिकले."

"आणि कुठंतरी असतील, तर तिथं त्यांना कुणीतरी जेवायला घालतच असेल, नाही?"

"घालत असेल की."

"पण नसले तर?" जीभ सुटली होती, ती काही आवरेना. "मग आजी-आजोबा दर वर्षी जेवतात, बाळ जेवतं आणि काका एकटेच उपाशी बघत बसतात. त्यांचं तर झाकलेलं असतं!"

"क्रिसेल!" आईच्या हातातलं पान विस्तवात पडलं. "वन्सं, मनावर घेऊ नका. पोरीला काही कळत नाही."

केळीचं पान चुरचुरत जळालं. मी कालथा फिरवत राहिले.

"आण इकडे," आत्या म्हणाली आणि तिनं माझ्या हातातला कालथा घेतला. बिको कढईच्या कडा सोडत होता. दुखऱ्या खांद्यानंच तिनं पानांवर तो थापला आणि वरून नारळाचा तांबूस चुरा भुरभुरला. तीन बश्या भरल्या. मग, अजून कुणी काही खाल्लेलं नसताना, ती कढईवर वाकली आणि तळ खरवडू लागली. खर्र, खर्र. घरात तेवढाच आवाज.

चौथी बशी तिनं फळीवर ठेवली नाही. तसबिरींपुढे नेली, बाळाची बशी जराशी सरकवली आणि तिच्या शेजारी ठेवली.

आईनं सवयीनं खिळ्यावरचं झाकण काढून पुढे केलं.

"राहू दे, वहिनी."

आम्ही तिघी चटईवर बसलो. मेणबत्त्या जळत होत्या. एक माशी आली आणि खरवडीवर बसली. तिला हाकलायला आत्यानं हात उचलला. मग तो तसाच मांडीवर ठेवला.