गोलावरचा सैल मणी

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी पाटी आहे. लिहायची नव्हे हं, आकारांची. माझ्या अंगात गोल, चौकोन, त्रिकोण आणि चांदणीच्या खोबण्या आहेत आणि प्रत्येक खोबणीत तिचा तिचा तुकडा बसतो. तुकडा चिमटीत धरून उचलता यावा म्हणून त्यावर एक छोटा लाकडी मणी असतो. माझ्या गोलावर आता मणी नाही. तो का नाही, तेच तुम्हाला सांगायचं आहे.

माझा जन्म बोईसरजवळच्या पाम गावचा. कृष्णकांत सुताराने मला आंब्याच्या फळीतून कापलं आणि त्याच्या बायकोने, जयवंतीने, घासून रंगवलं. मणी मागून स्क्रू मारून बसवायचे असतात. नेमकी गोलाची पाळी आली आणि स्क्रू संपले. "गोंदानं चिकटव आता, मंग बघू," कृष्णकांत म्हणाला. ते 'मंग' काही कधी उजाडलं नाही.

मोनालीने मला घेतलं. ती जळगावकडची, नवरा शैलेश तारापूरच्या कारखान्यात, पदरात दीड वर्षाची स्वरा. बोईसरच्या बायकांचा फोनवर एक ग्रुप होता आणि तिथे प्रत्येक वस्तूवर मत द्यायची पद्धत होती. आकारांची खेळणी म्हणू नका, कोडी म्हणू नका, घरच्या घरी करायच्या व्यायामाचे व्हिडिओसुद्धा त्यातून सुटत नसत. मोनालीच्या मताला तर फार वजन. एका व्हिडिओबद्दल तिने "गुडघ्यांची वाट लागते, नादी लागू नका" असं लिहिलं आणि अख्ख्या बिल्डिंगने उड्या मारणं बंद केलं.

माझ्याबाबतीत मात्र तिची जीभ अडखळली. शैलेशनेच पाहिलं होतं. "अगं, हा गोलावरचा मणी हलतोय. सांग त्या जयवंतीबाईंना."

"काय तोंडाने सांगू? पाटी द्यायला आल्या तर पोरीसाठी पिशवीभर चिकू घेऊन आल्या. वर बालवाडीची ऑर्डर मिळायचीय त्यांना. मी वाईट लिहिलं तर गेलीच ती."

आणि तिने लिहिलं, "खूप सुंदर आणि मजबूत. फक्त आवाज फार करते." मजबूत म्हणे. मला माझीच लाज वाटली. आवाजाचं तेवढं खरं होतं. स्वरा दिवसभर चांदणी हातात घेऊन मला बडवायची. खालच्या मजल्यावरची किंजल तक्रार घेऊन वर यायची आणि मलाच पसंत करून जायची. तिनेही मग जयवंतीकडे पाटी सांगून ठेवली.

त्या सकाळी शैलेश कामावर गेला होता. मोनालीने फोन खिडकीत उभा केला, गाणं मोठं केलं आणि आमच्याकडे पाठ करून व्यायाम सुरू केला. मी खाली लादीवर आणि स्वरा माझ्यासमोर. रोज बघून बघून तो व्हिडिओ मला तोंडपाठ झाला होता. आधी जागच्या जागी चालायचं, मग हात वर, मग गर्रकन मागे वळायचं.

हात वर चालू असतानाच मणी निघाला.

स्वराने तो डोळ्यांजवळ नेऊन पाहिला. मग तोंडात टाकला. मग कसलं तरी हसू आलं तिला, आणि त्या हसण्यात मणी आत गेला. तिचं तोंड उघडं राहिलं. रडणं नाही, खोकला नाही, काहीच नाही. तिचा हात माझ्या अंगावर पडला आणि तिथेच राहिला. मित्रांनो, मी पडले लाकूड. कुणी बडवलं तरच मला आवाज. मी आपली मनात म्हणत होते, आता वळायचं आहे ना, मोनाली, वळ लवकर.

आणि व्हिडिओ अडकला. फोनवर चक्र फिरत राहिलं. "या नेटचं काय करावं," असं पुटपुटत मोनाली उलट खिडकीकडेच वाकली. फोनवर तिने बोट आपटलं, परत आपटलं. स्वराचे ओठ निळे पडत होते.

गाणं थांबल्यामुळे खोली चिडीचूप झाली होती. मोनालीचं बोट हवेतच थांबलं.

"आज ती ठकठक कशी नाही?" ती म्हणाली, आणि वळली.

पुढचं मला नीट सांगता येत नाही. तिने स्वराला उचललं, मांडीवर पालथं घातलं, डोकं खाली केलं आणि पाठीत तळहाताचे जोरदार फटके दिले. काही झालं नाही. "स्वरा, माझ्या बाळा," म्हणत तिने पुन्हा फटके दिले. मणी टप्पकन लादीवर पडला आणि कपाटाखाली गेला. स्वराने असा काही टाहो फोडला की किंजल धावत वर आली. मोनाली भिंतीला टेकून पोरीपेक्षा मोठ्याने रडत होती.

डॉक्टरांनी पोरीला तपासून घरी पाठवलं. दुपारी जयवंती दारात हजर, हातातल्या पिशवीत किंजलची नवी पाटी. सकाळची हकीकत ऐकून ती मोनालीकडे वळली.

"मणी हलतो ते तुला ठाव होता?"

"हो."

"मंग मला का नाय सांगितलास?"

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून."

"वाटला असता. आठ दिस तुज्याशी बोलली नसती मी." जयवंतीने झोपलेल्या स्वराकडे पाहिलं. "पण ही पोर गेली असती तर काय केला असता गं आमी? चूक आमचीच हाय. स्क्रू नव्हता तर इकायचीच नव्हती."

बोलता बोलता तिने पिशवीतून किंजलची पाटी काढली, गोलाचा मणी धरला आणि ओढला. तोही नुसत्या गोंदाचाच होता, तिच्या हातात आला.

मोनालीने फोन घेतला आणि लिहिता लिहिता मोठ्याने वाचत गेली. "पाटी मजबूत आहे असं मी लिहिलं होतं. ते खोटं होतं. मणी हलतो हे मला माहीत होतं. ज्यांच्या घरी ही पाटी आहे त्यांनी ती आत्ताच्या आत्ता मुलांच्या हातून काढून घ्या."

"माजा नाव पन टाक," जयवंती म्हणाली. "लिही, जयवंती समद्या पाट्या परत नेते."

बालवाडीची ऑर्डर गेली ती गेलीच. पण घराघरांतून पाट्या परत आल्या आणि एकही मूल दगावलं नाही. मला आता पामला, सुतारकामाच्या पडवीत खिळ्याला टांगलं आहे. नवी पाटी झाली की जयवंती एकदा माझ्याकडे बघते आणि एकेक मणी दात-ओठ खाऊन ओढते.

मित्रांनो, आम्हा वस्तूंना तोंड नसतं. आमचं काही सैल झालं तर ते तुम्हालाच बोलावं लागतं, आणि ज्याने आम्हाला बनवलं त्याला सगळ्यांत आधी सांगावं लागतं. तो रुसेल, रुसू द्या.

कधीकधी मोनाली स्वराला घेऊन येते. पोरगी मला खिळ्यावरून काढायला लावते, गोलावरच्या गोंदाच्या डागावर बोट फिरवते आणि चांदणीने मला बडवायला लागते. पडवी दणाणून जाते. कृष्णकांत कानांवर हात ठेवतो. मोनाली मात्र तिला थांबवत नाही. शेजारी बसून ऐकत राहते.