मोठ्या बाईंचे दार

मित्रांनो, मी एक जुना रंधा आहे, आणि मला भयंकर राग आलेला आहे.

शाळेच्या सुतारशाळेत मी तीस वर्षे झिजलो. सुतारसर मला रोज धार लावत आणि मुलांना बजावत, "लाकडाची रेषा बघून मारा. उलटा चालवलात तर लाकूड उचकटेल, मग त्याच्या नावाने बोटं मोडू नका." त्यांच्या शेवटच्या वर्षी एक मुलगी आली. गणिताच्या तासाला तिला 'ढ' म्हणत. इथे मात्र ती फळीवरून नुसता तळहात फिरवून उंचवटा दाखवायची, आणि तो नेमका तिथेच असायचा. मला चालवून तिने काढलेली साल सर वहीवर ठेवत आणि खालची अक्षरे वाचून दाखवत, इतकी ती पातळ.

सर निवृत्त झाले. मोठ्या बाईंनी सुतारशाळेत गणिताचे जादा वर्ग भरवले. मला पुसूनबिसून आपल्या कार्यालयात काचेच्या कपाटात बसवले. खाली चिठ्ठी लावली, 'आमचे कौशल्य शिक्षण'. जनाची नाही, निदान मनाची तरी!

मग तपासणीच्या दिवशीच कार्यालयाचे दार फुगले. शिपाईकाकांनी खांदा मारून ते उघडले, तर आता लागेना.

"अहो, साहेब तासाभरात येतील! सुताराला बोलवा!"

"तो उद्याचं सांगतोय, बाई. पण ती मुलगी आहे ना, सरांच्या हाताखालची."

वर्गात गणिताची चाचणी चालू होती. बाईंनी तिला पेपरावरून उठवले. "चल गं, पेपर नंतर दे."

तिने चौकटीला खडू फासला आणि दार रेटून लावले. खडू जिथे दाराला लागला, तिथेच ते घासत होते. काकांनी बिजागऱ्या सोडवल्या. तिने मला कपाटातून काढले, माझे पाते जिन्याच्या दगडी पायरीवर घासले आणि मग, किती दिवसांनी, मी लाकडावर चाललो! पाऊण तासात दार एका बोटाने लागू लागले. साहेबांनी कपाटातल्या चिठ्ठीचे तोंडभरून कौतुक केले.

'नंतर' काही आलेच नाही. अर्धा पेपर कोरा होता, आणि पेपर सोडून उठली म्हणून नियमावर बोट ठेवून तिला शून्य दिले. पंधरा दिवसांनी तिच्या बाबांना बोलावले. ते बस चालवतात, गणवेशातच आले.

"ही नापास होणार, आमचा निकाल बिघडणार. दाखला घ्या आणि दुसरी शाळा बघा."

"बाई, तिला काहीच येत नाही का हो?"

"काही म्हणजे काही नाही."

मुलगी दाराकडे बघत राहिली. जाताना तिने ते हलकेच ओढून घेतले, आणि ते आवाज न करता लागले.

मित्रांनो, मला तेल नको, कापड नको. तुमच्या वर्गात कुणाला 'काही येत नाही' असे म्हटले, तर काय काय येते ते मोठ्याने सांगा. मी लाकडाचा आहे, मला तोंड नाही. तुम्हाला आहे.