पहिलं पाणी

थंडीत शहराला पाणी कमी लागतं, तेव्हा उरलेलं शुद्ध पाणी बाबा बोअरमधून खोल वाळूच्या थरात भरून ठेवायचे आणि उन्हाळ्यात तेच उपसून शहराला द्यायचे. यंदाही त्यांनी थर भरला, झडप बंद केली आणि घरी येऊन झोपले, ते उठलेच नाहीत. आज पंप सुरू करायला त्यांच्या जागी त्यांची लेक उभी होती. शहराकडची झडप उघडण्याआधी बाबा एक पेला स्वतः पिऊन बघत. तो पेला तिने घरून आणला होता.

पंप घरघरला आणि लालसर, गढूळ पाणी गटारात कोसळू लागलं. तिने पेला भरून घेतला.

"अगं बाई, गंज आहे तो!" मिस्त्रीकाका ओरडले. "निवळलं की पी. तुझा बाप एवढा हट्टी, पण तोही थांबायचा."

"काका, जे शेवटी आत जातं, तेच आधी वर येतं ना?"

बाबांनी शेवटच्या दिवशी भरलेलं पाणी ते हेच, आणि ते गटारात चाललं होतं.

शहराच्या पाणी कचेरीतून फोन खणखणला. "झोपलात का तिकडे? वरच्या मजल्यांच्या टाक्या कोरड्याठाक पडल्यात!"

"निवळू द्या," ती म्हणाली, अगदी बाबांच्या सुरात.

तिने गढूळ पेला गटारात ओतला. पाणी निवळल्यावर तिने पेलाभर पिऊन पाहिलं. चांगलं होतं, कुणीही भरलेलं असावं तसं. मग तिने दोन्ही हातांनी झडपेचं चाक फिरवलं आणि शहराला पाणी सोडलं.