डाव्या मुठीची सवय

मित्रांनो, उत्तनच्या एका गल्लीत उभी असलेली मी एक जुनी स्कूटर. बिनगिअरची. रंग निळा होता, खाऱ्या वाऱ्याने आता कडा तपकिरी झाल्या आहेत. आमच्यापैकी कोणी आपली गोष्ट सांगू लागलं की आधी कारखाना येतो, मग शोरूम, मग हार. मलाही हार घातला होता. चर्चच्या आवारात फादरनी माझ्यावर पाणी शिंपडून आशीर्वाद दिला होता आणि गर्ट्रूडबाईंनी सगळ्या गल्लीत केक वाटला होता. पण तो भाग मी एवढ्यावरच सोडते. मला एक कबुली द्यायची आहे. ती दिल्याशिवाय मला माझं कौतुक करवत नाही.

मध्येमध्ये माझ्या मीटरवरचे आकडे येतील. माझ्यावर विश्वास बसला नाही, तर त्यांच्यावर ठेवा.

३८,२४० किलोमीटर

इथपर्यंत मी एकट्या स्टेफनीची होते. स्टेफनी म्हणजे गर्ट्रूडबाईंची मुलगी. ती एका लॅबसाठी घरोघरी जाऊन रक्ताचे नमुने घेते. सकाळी सहाला आम्ही उत्तनहून निघायचो. राईवरून भाईंदर, मग इंद्रलोक, मग मीरा रोडला शांती नगर. तिच्या पायांपाशी बर्फाची पेटी, पेटीत काचेच्या नळ्या. साडेपाच वर्षांत एकही नळी फुटली नाही.

याचं कारण माझ्या डाव्या मुठीत आहे. तिथला ब्रेक दाबला की माझी दोन्ही चाकं एकदम धरली जातात. उजवीकडेही एक ब्रेक आहे, पण त्याची पाळी क्वचित यायची. कुत्रा आडवा आला, डावी मूठ. रिक्षा मध्येच थांबली, डावी मूठ. कुणाचं पोर चेंडूमागे धावलं, डावी मूठ. स्टेफनीला विचार करावा लागत नसे. हात आपोआप आवळला जायचा आणि मी जागच्या जागी उभी राहायचे.

हा हात मी घडवला, असा मला गर्व होता.

३८,६९० किलोमीटर

स्टेफनीचा भाऊ ॲरन आठ महिन्यांसाठी बोटीवर नोकरीला निघाला. त्याची मोटरसायकल फाटकाच्या आत माझ्याशेजारीच असायची. लहानशीच होती, नव्याने शिकणाऱ्यालाही पेलेल अशी. पण गिअरची.

"स्टेफी, ही तू चालव," जाताना तो म्हणाला. "उभी राहिली तर बॅटरी बसेल."

"चालव, चालव. म्हंजे बॅटरी वाचंल आनि तू जाशील," गर्ट्रूडबाई आतून ओरडल्या. "पाय तरी टेकतात काय तुझे?"

"टेकतात, मम्मी."

"अख्खे?"

"अंगठे."

राईला चंदन म्हात्रे यांचं गॅरेज आहे. बावीस वर्षं ते या भागातल्या गाड्या दुरुस्त करतात. त्यांनी बाइकची सर्व्हिस केली आणि तीन रविवार गॅरेजमागच्या मैदानात स्टेफनीला शिकवलं. मी कडेला उभी राहून बघायचे.

"डाव्या हातात ह्यो क्लच हाय, बाय. ब्रेक न्हाय," चंदन म्हणायचे. "ब्रेक उजव्या हाताला आनि उजव्या पायाला. डावा दाबलास तर गाडी थांबत न्हाय, मोकळी सुटते. इंजिनाचा लगाम पन जातो. ध्यानात ऱ्हाईल?"

"राहील, चंदनदादा."

पहिल्या रविवारी बाइक अकरा वेळा बंद पडली. दुसऱ्या रविवारी चार वेळा. तिसऱ्या रविवारी स्टेफनी तिसऱ्या गिअरमध्ये मैदानाला फेरी मारून आली आणि हेल्मेट काढून मोठ्याने हसली. माझ्यावर बसून ती तशी कधी हसली नव्हती. ते हसू मला सहन झालं नाही, हे आधी सांगून टाकते. पुढचं त्यानंतरच कळेल.

३८,९०५ किलोमीटर

मग दोन्ही गाड्या सुरू झाल्या. कामाला कधी मी, कधी बाइक. बाजारहाटाला मी. गर्ट्रूडबाई मासळी बाजारात बसतात, त्यांना पाट्यांसकट सोडायला मीच लागायचे, कारण पाट्या माझ्याच पाय ठेवायच्या जागेत मावतात. म्हणजे एकाच हाताला सकाळी एक धडा आणि दुपारी त्याच्या उलट धडा.

३८,९१२ किलोमीटर

त्या सकाळी बाजारात जाऊन येईपर्यंत माझ्यावर सात किलोमीटर झाले. वाटेत बकरी आडवी आली आणि स्टेफनीने डावी मूठ आवळली. मी थांबले. मला किती बरं वाटलं! अजून हा हात माझाच आहे, असं वाटलं.

घरी येऊन तिने मला फाटकाशी लावलं आणि बाइक घेऊन ती कामाला गेली.

आमच्या गल्लीत यायला एक उतार आहे. उताराच्या पायथ्याशी, रस्त्याच्या कडेला, शेजारचे मायकेल अंकल जवळा, म्हणजे बारीक कोळंबी, वाळत घालतात. पूर्वी त्यांची स्वतःची बोट होती, आता गुडघे दुखतात म्हणून ते किनाऱ्यावरची कामं करतात. दुपारी ते खराट्याने जवळा वरखाली करत होते. करता करता दोन पावलं मागे रस्त्यावर आले.

स्टेफनी उतारावरून येत होती. मी फाटकातून बघत होते. तिने अंकलना पाहिलं आणि चारही बोटांनी डावी मूठ आवळली.

बाइक थांबली नाही. मोकळी सुटली.

खराटा उडाला, अंकल पडले, जवळ्यावरून घसरत बाइक आडवी झाली. स्टेफनीचे दोन्ही गुडघे सोलले. अंकलचा घोटा मोडला. ती उठून बसली तरी तिची डावी मूठ तशीच आवळलेली होती. तिने त्या मुठीकडे बघितलं. एक एक बोट उघडलं. त्याच क्षणी तिला सगळं समजलं होतं. मलाही.

दुपारचं जेवायला आलेल्या गर्ट्रूडबाई घरातून धावत आल्या. "काय झाला गो? काय झाला?"

"ब्रेक... ब्रेक लागलाच नाही, मम्मी."

"परवाच त्या चंदनकडून करून आनली ना गाडी?"

"हो," स्टेफनी म्हणाली.

एवढंच. एक अक्षर.

(आकडा इथे लिहायचा राहिला. लिहिण्यासारखा नाही. पुढचे सोळा दिवस मी एकटीच चालले आणि प्रत्येक किलोमीटरची मला लाज वाटते.)

कारण मित्रांनो, बाइक टेम्पोत घालून चंदनकडे गेली आणि मला आनंद झाला. अंकल प्लास्टर घालून घरी आले होते, स्टेफनीला रात्री झोप लागत नव्हती, आणि मला आनंद झाला होता. ती पुन्हा माझ्याकडे आली होती. डावी मूठ आवळली की मी पुन्हा थांबत होते.

गर्ट्रूडबाई बाजारात प्रत्येकीला सांगत होत्या, "त्या चंदनकडं गाडी देऊ नका. माझी पोरगी मेली असती." त्यांचं बोलणं मोठं आणि लोकांना त्यांच्यावर विश्वास. आठवडाभरात उत्तनची एकही गाडी राईच्या त्या गॅरेजला जाईना. चंदन स्वतः अंकलना बघायला आले, तर अंकलनी त्यांना ओटीवरूनच हाकललं. ते शेजारीच चाललं होतं. स्टेफनी खिडकीत उभी होती. ती खिडकीतून बाजूला झाली.

मला तोंड असतं तर मी सांगितलं असतं का? मी हा प्रश्न स्वतःला पुष्कळदा विचारला आहे. उत्तराची मला खात्री नाही.

३९,१०४ किलोमीटर

माझ्या डाव्या ब्रेकची वायर तुटायला आली. चार धागे तुटले, दोन उरले. दुसरं गॅरेज पार भाईंदरला, आणि तिथवर वायर टिकेल याची स्टेफनीला खात्री नव्हती. नाइलाजाने ती राईला थांबली.

गॅरेजमध्ये गिऱ्हाईक नव्हतं. कोपऱ्यात ॲरनची बाइक होती, दोन्ही चाकं काढलेली. ब्रेकचे सगळे भाग वर्तमानपत्रावर ओळीने मांडून ठेवलेले.

"वायर बदलायची आहे, चंदनदादा. ब्रेकची."

"ब्रेकचं काम दुसरीकडं बघ, बाय," चंदन म्हणाले. आवाजात राग नव्हता. "हवा भरतो. ऑइल बदलतो. ब्रेक आता मी करत न्हाय."

"का?"

"तुझ्या गाडीचा तीनदा खोलला. काय पन सापडत न्हाय. सापडला असता तर बरा झाला असता, निदान कळला असता कुठं चुकलो." त्यांनी हात फडक्याला पुसले. ते आधीच कोरडे होते. "आता नट आवळला का परत जाऊन बघतो, आवळला काय. काल एका गिऱ्हाइकाला रस्त्यातून मागं बोलावला. तो हसला मला. बावीस वर्सं झाली, बाय. मंग हात म्हातारा होत असंल."

स्टेफनी माझ्यावरून उतरली नव्हती. तिची डावी मूठ माझ्या ब्रेकवर होती.

"ब्रेक चांगला होता," ती म्हणाली.

"काय?"

"ब्रेक चांगला होता, दादा. मी दाबलाच नाही. मी डावीकडचं दाबलं. क्लच."

चंदननी वर्तमानपत्रावरचा एक भाग उचलला आणि परत जागेवर ठेवला.

"कधी कळला तुला?"

"पडले तेव्हाच."

"म्हंजे सोळा दिस झाले."

"हो."

"मी त्या मानसाच्या ओटीवर हात जोडून उभा होतो. तू घरात होतीस?"

"खिडकीत होते."

ती रडू लागली. चंदननी तिला गप्प केलं नाही, पाणीही दिलं नाही. ते म्हणाले, "मला एकट्याला सांगून काय उपेग? जिथं बोललीस, तिथं जाऊन सांग."

३९,१११ किलोमीटर

परतताना तिने मला फार हळू चालवलं. दोन धाग्यांवर भरवसा नको म्हणून सबंध रस्ता उजव्या ब्रेकवर.

अंकल ओटीवर पाय स्टुलावर ठेवून बसले होते. गर्ट्रूडबाई त्यांच्यासाठी सूप घेऊन आल्या होत्या. स्टेफनी हेल्मेट हातात धरून उभी राहिली आणि तिने सगळं सांगितलं. मध्ये श्वास घ्यायलाही थांबली नाही. थांबली असती तर पुढचं बोलली नसती.

आधी अंकल बोलले. "पायाचा काय न्हाय गो. हाड हाय, जुळंल. पन तो मानूस माझ्या दारात आला आनि मी त्याला बसाय पन दिला न्हाय." त्यांनी सुपाची वाटी बाजूला सारली. "ता कसा जुळंल, सांग."

"मला का न्हाय सांगितला?" गर्ट्रूडबाईंनी विचारलं.

"तू लगेच चंदनदादांचं नाव घेतलंस. मी फक्त हो म्हटलं."

"म्हंजे माझा चुकला?"

"नाही, मम्मी. माझं."

गर्ट्रूडबाईंनी पदर खोचला. मला वाटलं, आता थप्पड बसणार. "गाडी काढ," त्या म्हणाल्या.

"कुठे?"

"पयला बाजार. मंग राई."

बाजारात त्या एकेका पाटीसमोर थांबल्या. स्टेफनीला त्यांनी माझ्यापाशीच उभं केलं, सगळ्यांना दिसेल असं. "माझी पोरगी खोटा बोलली," त्या म्हणत होत्या. "चंदनचा काय चुकला न्हाय. आजवर शिळा म्हावरा विकला न्हाय मी. ही बातमी मात्र सडकी विकली." कुणी हसलं, कुणी "जाऊ दे गो" म्हटलं. एक बाई म्हणाली, "तुझीच पोरगी, म्हंजे तोंड तुझ्यासारखाच." गर्ट्रूडबाईंनी तेही ऐकून घेतलं. एरवी त्या ऐकून घेणाऱ्यातल्या नाहीत.

३९,१२० किलोमीटर

राईला पोचल्यावर त्यांनी माफीचा शब्द काढला नाही. त्यांना तो येत नाही. त्या गॅरेजच्या बाकड्यावर बसल्या आणि म्हणाल्या, "चंदन, माझ्या पोरीच्या ब्रेकची वायर बदल. मी बसते. मला घाई न्हाय."

चंदननी पक्कड उचलली.

नवी वायर घातली, नट आवळला. मागे गेले, परत आले, बघितलं. पुन्हा बघितलं. तिसऱ्यांदा बघितलं. स्टेफनी तोंड फिरवून उभी होती, कारण ते तीन वेळा बघणं तिच्यामुळे आलेलं होतं आणि ते कबुलीने लगेच जाणार नव्हतं.

"दोन्ही चालवत होतीस काय? ही पन आनि ती पन?" त्यांनी विचारलं.

"हो."

"ता मी विचारायला पायजे होता. एका हाताला दोन गुरू झाले." त्यांनी माझ्या सीटवर हात ठेवला. "बाइक शिकायची हाय का सोडायची?"

स्टेफनीने त्या सुट्या चाकांकडे बघितलं. "शिकायची आहे."

"मंग हिला दोन महिने हात लावू नको. हात हिला विसरला पायजे."

३९,१२७ किलोमीटर

मित्रांनो, आम्ही जुन्या वस्तू गोष्ट संपवताना तुमच्याकडे काही मागतो. आम्हाला पुसत जा, फिरवत जा, अडगळीत टाकू नका. मागणं खरं असतं. पण माझं मागणं वेगळं आहे. हातून चूक झाली तर ती मुक्या यंत्राच्या माथी मारू नका. त्या यंत्रामागे कुणाचा तरी हात असतो आणि खोट्याने तो थरथरायला लागतो. आणि नवं काही शिकत असाल, तर जुन्याला थोडे दिवस दूर ठेवा. त्याने कितीही प्रेमाने शिकवलं असलं तरी.

आज सकाळी बाइक घेऊन निघण्याआधी स्टेफनी माझ्यापाशी आली. माझं कव्हर वाऱ्याने वर गेलं होतं. तिचा डावा हात माझ्या मुठीकडे आला.

नको, असं मी मनात म्हटलं. विसर मला.

तिने कव्हर खाली ओढलं आणि दोरी बांधली.